मर्यादित बजेटमध्ये पुढची लष्करी सरप्लस रायफल कशी निवडावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक-दोन रायफली घेऊन झाल्या आहेत आणि पुढची कोणती घ्यावी, असा प्रश्न पडलेल्यांसाठी ही उत्तरं आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एक मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवलं आहे.

१. ‘सरप्लस रायफल’ कशाला म्हणायचं?

सैन्याने नवं शस्त्र स्वीकारलं, की जुनं कोठारात जातं. तिथून सरकार ते व्यापाऱ्यांना विकतं आणि ते संग्राहकांपर्यंत पोहोचतं. बजेटमधल्या संग्राहकाचा मुख्य पट्टा साधारण १८९० ते १९६० या काळात बनलेल्या बोल्ट-ॲक्शन (प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करायच्या) रायफलींचा आहे. सैनिकी ठसे, मूळ लाकूड आणि मूळ नळी शाबूत असेल, तरच संग्रहाच्या दृष्टीने तिला सरप्लस म्हणायचं. लाकूड कापून शिकारीसाठी बदललेल्या रायफलींबद्दल प्रश्न १२ पाहा.

२. आधी कायदा पाहू की आधी रायफल?

आधी कायदा, आणि तोही तुम्ही राहता तिथला. तीन गोष्टी लेखी तपासा. तुमच्या परवान्यात हे कॅलिबर बसतं का? चालू स्थितीतली रायफल ठेवता येते, की फक्त निकामी केलेली? खासगी व्यवहाराची नोंद कुठे करायची? अमेरिकेत ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या शस्त्रांसाठी संग्राहकाचा वेगळा फेडरल परवाना मिळतो. तो ‘टाइप ०३’ म्हणून ओळखला जातो आणि तीन वर्षं चालतो. अशी रायफल त्या परवान्यावर थेट घरी मागवता येते, पण नोंदवही ठेवावी लागते आणि धंदा करता येत नाही. राज्यांचे नियम त्याशिवाय वेगळे असतात. युरोपीय संघात निकामी शस्त्रांसाठी २०१६ पासून समान निकष आहेत. त्याआधी निकामी केलेली रायफल विकताना किंवा हस्तांतरित करताना तिला नव्या निकषांतून जावं लागतं. जुनी निकामी रायफल स्वस्त दिसली, तर हा खर्च आधी विचारून घ्या.

३. बजेट कसं मांडायचं? मी रायफलीच्या किमतीएवढेच पैसे बाजूला ठेवले आहेत.

मग पैसे कमी पडतील. ठरवलेल्या रकमेच्या साधारण दोन-तृतीयांशातच रायफल बसवा. उरलेला भाग वाहतूक आणि हस्तांतरण, गनस्मिथकडून तपासणी, क्लिप, हरवलेले सुटे भाग (सफाईची सळई, पट्टा, मॅगझिन) आणि काडतुसांवर जातो. ती चालवायची असेल तर किमान १०० काडतुसांचा खर्च धरा. त्यापेक्षा कमीत नळीचा खरा स्वभाव कळत नाही.

काडतूस नियमित उत्पादनात आहे का, हा प्रश्न रायफलीच्या किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. ७.६२×५४ आर, .३०३, ८×५७ आणि ६.५×५५ ही काडतुसं आजही नवी बनतात. ७.३५ कारकानोसारखं (इटालियन रायफलीचं) काडतूस हवं असेल, तर रिलोडिंगचे (रिकामी कवचं पुन्हा भरण्याचे) साचे आणि योग्य व्यासाच्या गोळ्या यांचा खर्चही पकडावा लागतो. बाजार राजकारणानेही हलतो. २०२१ मध्ये अमेरिकेने रशियन काडतुसांच्या नव्या आयात परवान्यांवर बंदी घातली, आणि केवळ स्वस्त रशियन काडतुसांवर भिस्त ठेवून रायफल घेतलेल्यांचं गणित बदललं.

४. पुढची रायफल ठरवण्याचा काही निकष आहे का, की आवडेल ती घ्यावी?

आवड हवीच, पण तिला एक सूत्र द्या. कमी पैशांत संग्रह अर्थपूर्ण होतो तो सूत्रामुळे, संख्येमुळे नाही. चार सूत्रं व्यवहारात चालतात.

एक काडतूस, अनेक देश: ७.६२×५४ आर धरलंत, तर रशियन, फिनिश, हंगेरियन, पोलिश आणि चिनी मोसिन रायफली एकाच काडतुसावर जमतात. बजेटसाठी हे सगळ्यांत हुशारीचं सूत्र आहे, कारण साचे आणि काडतुसं एकदाच घ्यावी लागतात. एक रचना, अनेक रूपं: जर्मन माउझर ९८ चे चेक व्हीझेड-२४, युगोस्लाव्ह एम-४८ आणि तुर्की एम-३८ असे प्रकार. एक युद्ध, दोन्ही बाजू: इथे खर्च लवकर वाढतो, कारण जर्मन वस्तूंना मागणी जास्त आहे. एक देश, अनेक पिढ्या: स्वित्झर्लंड किंवा स्वीडन घेतलंत, तर मोजक्या रायफलींत एका सैन्याची अर्ध्या शतकाची कथा पूर्ण होते.

सूत्र ठरलं की ‘स्वस्त मिळतेय म्हणून’ घेतलेल्या रायफली आपोआप थांबतात. बहुतेक संग्रहांचं बजेट नेमकं तिथेच फुटतं.

५. कमी बजेटमध्ये आज कोणत्या रायफली बघाव्यात?

किमती बदलत राहतात, म्हणून इथे आकडे देत नाही. प्रत्येक रायफलीत काय मिळतं आणि ती कुठे फसवते, ते देत आहे.

मोसिन-नागां ९१/३०: प्रचंड संख्येने बनली. ‘कुठल्याही किमतीला मिळते’ हा काळ मात्र सरला. रशियातल्या ‘तुला’ शहरातल्या कारखान्याचा ठसा ताऱ्यात बाण, इझेव्स्कच्या कारखान्याचा त्रिकोणात बाण. साधारण १९३५-३६ पर्यंतच्या रिसीव्हरची (बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा मुख्य भाग) नळीकडची बाजू षट्कोनी असते, नंतर गोल. ९१/३० संगीन लावलेल्या अवस्थेत साधलेली असते. संगीन काढून चालवली आणि गोळ्या सरकून लागल्या, तर लगेच नळीला दोष देऊ नका. चिनी टाइप ५३ ही एम-४४ कार्बाइनची प्रत आहे. ती बऱ्याचदा झिजलेली मिळते, पण तिच्यावरच्या खुणा वाचण्यासारख्या असतात.

एम-४८ आणि एम-२४/४७: युगोस्लाव्ह माउझर. पहिल्या माउझरसाठी आमची पहिली शिफारस एम-४८ ची, कारण अनेक नग फारसे न वापरता कोठारात राहिले. एक लक्षात ठेवा: तिची ॲक्शन (बोल्ट आणि रिसीव्हरची रचना) नेहमीच्या ९८ पेक्षा थोडी आखूड आहे, त्यामुळे जर्मन के-९८के चा बोल्ट किंवा दस्ता तिला बसत नाही. बोल्ट नसलेली एम-४८ ‘माउझरचा बोल्ट मिळेल कुठेही’ म्हणून घेऊ नका.

इशापूर २ए आणि २ए१: १९६० च्या दशकात इशापूरच्या कारखान्यात ७.६२ नाटो काडतुसासाठी बनलेली ली-एनफिल्ड ही ब्रिटिश रचनेची रायफल. जुन्या .३०३ रायफलींना नवी नळी लावून ती केली, हा गैरसमज आहे. ती मुळातच नव्या काडतुसासाठी, अधिक मजबूत पोलादात बनली. चौकोनी बुडाचं १२ काडतुसांचं मॅगझिन ही तिची खूण. मॅगझिन हरवलेलं असेल तर .३०३ चं बसवून काम भागत नाही. काडतुसाच्या गोंधळाबद्दल प्रश्न १५ पाहा.

श्टायर-मान्लिखर एम-९५: सरळ ओढायच्या बोल्टची, आखूड आणि देखणी. नळीवर मोठा ‘एस’ ठसा असेल तर ती ८×५६ आर साठी बदललेली आहे. क्लिपशिवाय तिचं मॅगझिन निरुपयोगी आहे (प्रश्न १३).

कारकानो: अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येमुळे नावाला चिकटलेल्या समजुतींमुळे ती तिच्या लायकीपेक्षा स्वस्त राहिली. तिच्या ६.५ मिमी नळीला साधारण ६.८ मिमी व्यासाची गोळी लागते. बाजारातली नेहमीची ६.७ मिमी गोळी नीट पकडली जात नाही आणि निशाणा पसरतो. दोष बहुधा रायफलीचा नसतो. मात्र लांब रायफलीची नळी कापून केलेल्या कार्बाइन खरंच कमी अचूक असतात. कारकानोच्या नळीतला पीळ तोंडाकडे घट्ट होत जातो, आणि कापताना नेमका तोच भाग जातो.

थोडे पैसे जमवून थांबायची तयारी असेल, तर स्विस के-३१ आणि स्वीडिश एम-९६ किंवा एम-३८ या दोन्ही थांबण्याच्या लायकीच्या आहेत. के-३१ च्या दस्त्याचा खालचा भाग हटकून रापलेला असतो, पण आतली नळी बहुधा सुरेख निघते. दस्त्याच्या धातूच्या पट्टीखाली कधीकधी ती वापरणाऱ्या सैनिकाच्या नावाची चिठ्ठी सापडते. स्वीडिश रायफलीच्या दस्त्यावरच्या पितळी चकतीवर नळीच्या अवस्थेची नोंद असते. चकती बदललेली असू शकते, म्हणून नळी स्वतः पाहाच.

६. रायफल हातात आल्यावर कोणत्या क्रमाने तपासायची?

प्रथम बोल्ट उघडा आणि चेंबर व मॅगझिन रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा. मग हा क्रम धरा.

१. बोल्ट काढा आणि चेंबरच्या बाजूने प्रकाश सोडून नळी पाहा (प्रश्न ७).
२. नळीच्या तोंडाची कड गोल आणि सारखी आहे का, ते पाहा (प्रश्न ८).
३. बोल्टच्या तोंडावर फायरिंग पिनच्या छिद्राभोवती खड्डे आहेत का? असतील तर बहुधा क्षारयुक्त काडतुसांनंतर (प्रश्न १७) सफाई झालेली नाही.
४. बोल्टच्या पकडींवर (बोल्ट बंद ठेवणाऱ्या खुंट्यांवर) चीर नाही ना, हे भिंगाने बघा.
५. रिसीव्हरवर जादा छिद्रं, वेल्डिंग किंवा घासलेले ठसे शोधा.
६. दस्त्याच्या मनगटाजवळ (हाताने धरायचा अरुंद भाग) आणि रिसीव्हरच्या शेपटीमागे लाकडाला तडा आहे का? तेल झिरपून काळं पडलेलं लाकूड इथेच फाटतं.
७. परवानगी घेऊन लाकडाच्या कडेशी धातूवर गंज आहे का ते बघा. बाहेरून चकचकीत रायफल आत लाकडाखाली पोखरलेली असू शकते.
८. रिकामा चाप परवानगीशिवाय ओढू नका. मोसिन असेल तर तिच्या मूळ पान्याने पिनची लांबी मोजा: पिन ‘७५’ च्या खाचेला टेकली पाहिजे आणि ‘९५’ च्या खाचेला टेकता कामा नये.

७. नळी आतून काळी दिसते. सोडून द्यावी का?

लगेच नाही. काळेपणाची तीन कारणं असतात: जुनं ग्रीस, तांब्याचा व बारुदाचा थर आणि प्रत्यक्ष गंजाचे खड्डे. पहिली दोन सफाईने जातात. दुकानातच एक कोरडा कापडी तुकडा आरपार ओढायची परवानगी मागा. तुकडा तपकिरी-चिकट आला तर ग्रीस आहे. लालसर भुकटी आली तर चालू गंज आहे.

नळीतल्या पिळाच्या उभ्या कडा स्पष्ट असतील आणि खाचांच्या तळाशी बारीक खरबरीतपणा असेल, तर अशी नळी बऱ्याचदा समाधानकारक निशाणा देते. कडा गोल झालेली चकचकीत नळी मात्र झिजलेली असते, आणि नवखा माणूस नेमकी तिलाच ‘उत्तम’ समजून घेतो. चमक न बघता कडा बघा. युद्धकाळातल्या काही ‘क्रमांक ४’ प्रकारच्या ली-एनफिल्डच्या नळीत पाचऐवजी दोनच खाचा असतात. तो दोष नाही.

८. तोंडाची झीज घरच्या घरी कशी कळते?

त्याच कॅलिबरचं बारूद आणि प्राइमर (बारूद पेटवणारी टोपी) नसलेलं डमी काडतूस घ्या आणि गोळीच्या बाजूने नळीच्या तोंडात अलगद सोडा. जिवंत काडतूस कधीही वापरू नका. कवचाचा गळा आणि नळीचं तोंड यांत फट राहिली तर चांगलं. गोळी पूर्ण आत जाऊन गळा टेकला तर तोंड झिजलं आहे. ही ढोबळ चाचणी आहे. गोळीच्या आकारानुसार फट बदलते, म्हणून दोन-तीन रायफली शेजारी ठेवून तुलना केली तर ती खरी उपयोगी पडते.

मोसिनमध्ये तोंडाशी आतून रुंद केलेला भाग दिसला, तर ते कोठारातलं काम आहे. लोखंडी सळईने झिजलेला भाग आत कोरून नवी कड दिलेली असते. अशी रायफल चांगली चालते. फक्त वरची चाचणी तिच्यावर लागू पडत नाही आणि संग्राहकीय किंमत थोडी उतरते.

९. हेडस्पेस तपासणं खरंच गरजेचं आहे का?

चालवणार असाल तर होय, प्रत्येक वेळी. बोल्ट बंद असताना त्याचं तोंड आणि काडतूस टेकतं ती जागा यांतलं हे अंतर आहे. जास्त झालं तर कवच फाटून वायू तुमच्या चेहऱ्याकडे येतो. हे मोजायला गेज (काडतुसाच्या आकाराचे मोजपट्टे) वापरतात: ‘गो’ गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, ‘फील्ड’ गेजवर होता कामा नये. बोल्टचा क्रमांक रायफलीशी जुळत नसेल तर गेजशिवाय एकही गोळी झाडू नका.

क्रमांक ४ एनफिल्डमध्ये बोल्टचं डोकं ०, १, २, ३ अशा मापांत येतं आणि ते बदलून हेडस्पेस दुरुस्त होतो. डोक्यावर आधीच ‘३’ असेल आणि तरी गेज नापास करत असेल, तर ती रायफल भिंतीसाठी घ्या. .३०३ ची चेंबर मुळातच ऐसपैस असते. त्यामुळे हेडस्पेस ठीक असूनही पुन्हापुन्हा भरलेली कवचं तळाशी फाटतात. त्यावर उपाय म्हणजे कवचाचा फक्त गळा आवळणं.

१०. ‘सगळे नंबर जुळतात’ म्हणून जास्त पैसे मागत आहेत. द्यावेत का?

नंबर कसे जुळले, यावर अवलंबून आहे. मोसिनवर ते नळीच्या बुडाशी, बोल्टवर, मॅगझिनच्या तळपट्टीवर आणि दस्त्याच्या पट्टीवर असतात. सोव्हिएत कोठारांत दुरुस्तीच्या वेळी जुने नंबर खोडून नवे टाकले जात. अक्षरांची धाटणी वेगळी, जुन्या नंबरावर रेघ किंवा विजेच्या पेन्सिलीने कोरलेला आकडा दिसला, तर तो जुळवलेला संच आहे. तो खोटा नाही, पण कारखान्यातून तसाच आलेलाही नाही. दोन्हींची किंमत एक असू नये.

सोव्हिएतांनी हस्तगत केलेल्या के-९८के रायफली याचं ठळक उदाहरण आहेत: रिसीव्हरवर ‘एक्स’, गर्द काळा मुलामा, शेलॅक चढवलेलं लाकूड आणि कोरलेले नंबर. ‘बीवायएफ’, ‘डॉट’, ‘बीएनझेड’ असे कारखान्यांचे संकेत मात्र तिच्यावर तसेच वाचता येतात. म्हणून मूळ जुळत्या के-९८के साठी पैसे नसतील, तर हिलाच घ्या.

११. रिसीव्हरवर आयातदाराचा ठसा आहे. किंमत किती पडते?

बारीक आणि नळीखाली लपलेला असेल तर फारशी नाही. रिसीव्हरवर मोठ्या अक्षरात असेल तर जाणवते. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने सरप्लसची आयात बंद झाली आणि १९८४ नंतर संग्राहकीय शस्त्रांसाठी पुन्हा खुली झाली. म्हणून तिथे ठसा नसलेली रायफल बहुधा १९६८ पूर्वी आलेली किंवा सैनिकाने स्वतः आणलेली समजली जाते आणि महाग जाते. बजेट कमी असेल तर ठसा हा तुमचा मित्र आहे: तीच रायफल, तीच नळी, कमी पैसे. ठसा घासून काढलेली मात्र घेऊ नका. ती कायद्याच्या दृष्टीनेही अडचणीची ठरू शकते.

१२. लाकूड कापलेली रायफल अर्ध्या किमतीत मिळतेय. मूळ रूपात आणता येईल का?

फक्त लाकूड कापलं असेल आणि नळी, नेम धरायचे दर्शक, रिसीव्हर शाबूत असतील, तरच. घेण्याआधी दस्ता, वरचं लाकूड, बँड, स्क्रू आणि लाकडाच्या पुढच्या टोकाची टोपी यांची यादी करून बेरीज करा. बरेचदा ती पूर्ण रायफलीच्या वर जाते. नळी आखूड केली असेल किंवा दुर्बिणीसाठी रिसीव्हरला छिद्रं पाडली असतील, तर संग्रहासाठी विषय संपला. उलट चांगल्या बोल्टची आणि मॅगझिनची कापलेली रायफल भागांसाठी घेणं कधीकधी शहाणपणाचं असतं.

१३. क्लिप नसली तर काय अडतं?

क्लिप दोन तऱ्हेच्या असतात. मोसिन, माउझर, एनफिल्डची पट्टी फक्त भरण्याची सोय आहे. ती नसली तरी एकेक काडतूस दाबून भरता येतं. कारकानो (६ काडतुसं), एम-९५ (५) आणि एम-१ गॅरंड (८) यांची क्लिप मॅगझिनच्या आत राहते आणि तीच काडतुसं धरून ठेवते. ती नसेल तर रायफल एकेक गोळीची उरते. रायफलीसोबत किमान चार क्लिप मागून घ्या.

१४. ‘स्नायपर’ किंवा ‘जंगल कार्बाइन’ स्वस्तात मिळतेय. खरी कशी ओळखू?

स्वस्त मिळतेय, हीच पहिली शंका.

क्रमांक ५ (जंगल कार्बाइन) च्या नकला क्रमांक ४ एनफिल्ड कापून मोठ्या संख्येने बनवल्या गेल्या. खऱ्या क्रमांक ५ च्या रिसीव्हरवर आणि नळीच्या जाड बुडाशी वजन कमी करणारे कारखान्याचे काप असतात, आणि बोल्टची मूठ पोखरलेली असते. लाकूड काढल्याशिवाय नळीवरचे काप दिसत नाहीत, म्हणून लाकूड काढून दाखवायला सांगा.

क्रमांक ४ (टी) स्नायपरच्या रिसीव्हरच्या डाव्या बाजूला ‘टी’ असतो आणि दस्त्याच्या मनगटावर दुर्बिणीचा क्रमांक. मोसिनच्या ‘पीयू’ या स्नायपर प्रकारात दुर्बिणीचा क्रमांक नळीच्या बुडाशी असतो. रिसीव्हरवर बुजवलेली, वेल्ड केलेली छिद्रं दिसली तर ती कोठारातच साध्या रायफलीत परत बदललेली जुनी स्नायपर असू शकते. तिच्यावर नवी दुर्बीण बसवून ‘अस्सल’ म्हणून विकणारे भरपूर आहेत.

१५. कोणत्या सरप्लस रायफली चालवूच नयेत?

स्प्रिंगफिल्ड १९०३ चे कमी क्रमांक: स्प्रिंगफिल्ड कारखान्याचे ८,००,००० च्या आतले आणि रॉक आयलंडचे २,८५,५०७ च्या आतले. चुकीच्या उष्मोपचाराने त्यांचे रिसीव्हर ठिसूळ झाले आणि काही फुटले. जपानी प्रशिक्षण रायफली: दिसायला अरिसाका, पण रिसीव्हर ओतीव आणि नळी गुळगुळीत, फक्त गोळी नसलेल्या (ब्लँक) काडतुसांसाठी. ‘डीपी’ ठसा असलेल्या एनफिल्ड: कवायतीच्या. गेवेअर ८८: मुळात अरुंद नळीची, तिच्यात आजचं ८×५७ भरू नका.

इशापूरबद्दल: ती ७.६२ नाटोची आहे, .३०८ ची नाही. मापं जवळजवळ सारखी असली तरी शिकारीच्या .३०८ मध्ये दाब जास्त असू शकतो. नाटो प्रमाणाची काडतुसंच वापरा.

१६. कॉस्मोलीन (कोठारात गंजापासून बचावासाठी लावलेलं घट्ट ग्रीस) कसं काढायचं?

रायफल पूर्ण उघडा. धातूचे छोटे भाग उकळत्या पाण्यात टाका. ग्रीस वर तरंगतं. भाग गरम असतानाच पुसून लगेच तेल लावा, नाहीतर तासाभरात तांबूस पडतात. उरलेलं मिनरल स्पिरिटने (रंग पातळ करायच्या द्रवाने) काढा. पेट्रोल वापरू नका. बोल्ट पूर्ण खोलून फायरिंग पिनची वाट साफ करा. एसकेएस या सोव्हिएत अर्धस्वयंचलित रायफलीत हे विसरलं, तर सुटी पिन ग्रीसमध्ये अडकून पुढेच राहते आणि बोल्ट बंद होताच गोळी आपोआप सुटते.

लाकूड काळ्या पिशवीत गुंडाळून उन्हात ठेवा, सुटलेलं ग्रीस टिपा आणि पुन्हा ठेवा. सॅंडपेपर अजिबात लावू नका. त्याने ठसे जातात आणि ते परत येत नाहीत. शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. तेलाचे बोळे गोळा करून टाकू नका, ते आपोआप पेटतात. पाण्यात भिजवा किंवा पसरून वाळवा.

गरम झाल्यावर मोसिनचा बोल्ट अडकत असेल, तर चेंबरमध्ये उरलेलं ग्रीस हे पहिलं कारण तपासा.

१७. जुनी लष्करी काडतुसं वापरली तर नळी गंजते का?

काडतुसं गंजवत नाहीत, न केलेली सफाई गंजवते. जुन्या प्राइमरमधल्या पोटॅशियम क्लोरेटचा पोटॅशियम क्लोराइड हा क्षार उरतो आणि तो हवेतलं बाष्प ओढतो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. त्याच दिवशी चेंबरकडून अर्धा-एक लिटर गरम पाणी नळीतून सोडा, बोल्टचं तोंड धुवा, कोरडं पुसा, मग नेहमीची सफाई आणि तेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक तुकडा ओढून बघा. एसकेएसमध्ये गॅस नळी आणि पिस्टनही धुवा. युगोस्लाव्ह एसकेएस ५९/६६ च्या नळीला क्रोमचा थर नाही, तिथे दिरंगाई चालत नाही. उगम माहीत नसलेलं प्रत्येक सरप्लस काडतूस क्षारयुक्तच समजा. स्विस सैन्याचं जीपी-११ काडतूस याला सन्माननीय अपवाद आहे.

१८. न बघता मागवायची असेल तर कोणते फोटो मागू?

नळीच्या तोंडाचा जवळून, चेंबरकडून प्रकाश टाकून नळीचा, बोल्टच्या तोंडाचा, रिसीव्हरच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंचा, प्रत्येक क्रमांकाचा वेगळा, दस्त्याच्या दोन्ही बाजूंचा आणि मनगटाचा. ‘नळी चांगली आहे’ हे उत्तर स्वीकारू नका. नळीचा फोटो द्यायला नकार मिळाला तर किंमत काळी, खड्डे पडलेली नळी धरूनच ठरवा, किंवा सोडा. परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे आणि त्या मुदतीत गेज लावून बघायची परवानगी आहे का, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या.